दुखलं नाही, म्हणून राहिलं

गेल्या वैशाखात याच पानावर मी धने-खडीसाखरेच्या पाण्याचा उपाय दिला होता, आठवतो का? चमचाभर धने रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळायचे, वर खडीसाखर. उन्हाळी लागली, लघवीला आग होऊ लागली की हे पाणी दोन-तीन दिवस घ्यावं, असं मी लिहिलं होतं. पुष्कळ जणींनी गुण आल्याचं कळवलं, मलाही बरं वाटलं.

आज त्या उपायाला एक पुरवणी जोडायची आहे. खरं म्हणजे ती तेव्हाच जोडायला हवी होती. कारण तेच पाणी मी माझ्या घरात, माझ्या सासूबाईंना करून देत होते, आणि त्या पाण्याच्या भरवशावर आम्ही पाच महिने घालवले.

सासूबाईंचं वय त्रेसष्ट. पाळी जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. अजूनही सोयाबीनच्या सोंगणीला शेतात उभ्या राहतात, घरी आल्यावर चूलही त्यांनाच हवी असते. ज्येष्ठात एक दिवस म्हणाल्या, "पोरी, लघवीले गरम होते मले." मी लगेच धने भिजत घातले. चार दिवसांनी विचारलं तर म्हणाल्या, थांबलं. काय थांबलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

श्रावणात दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या परकरावर मला फिकट गुलाबी डाग दिसला. आपला परकर त्या हल्ली पहाटे, आम्ही उठायच्या आत, वेगळा धुऊन टाकत होत्या, हेही तेव्हाच ध्यानात आलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की ज्येष्ठातही लघवी लाल झाली होती. "या वयात पाळी परत आली म्हणून सांगू का सुनेले?" असं त्यांना वाटलं. दुखत तर काहीच नव्हतं. मी त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि लघवीची तपासणी व सोनोग्राफी लिहून दिली. गोळ्या संपल्या, रक्त थांबलं. घरात महालक्ष्म्या यायच्या होत्या, शाळेत माझ्या तासिका, चाचणीचे पेपर. तपासणीची चिठ्ठी मी भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचली. ती तिथेच राहिली.

आश्विनात ऐन सोंगणीत त्यांना तिसऱ्यांदा रक्त गेलं. या वेळी गाठी पडल्या, आणि शेतातल्या बायकांसमोर त्यांना ते लपवता आलं नाही.

पहिल्यांदा रक्त थांबलं ते धन्याच्या पाण्याने नव्हे. दुसऱ्यांदा थांबलं ते गोळ्यांनी नव्हे. या आजारातलं रक्त आपोआप येतं आणि आपोआप थांबतं, कधी दोन दिवसांत, कधी एकदाच दिसून महिनोन्महिने दिसतच नाही. त्या काळात आपण जे घेतलेलं असतं, त्याला श्रेय मिळून जातं. ही एवढी एकच गोष्ट मला ठाऊक असती, तर चिठ्ठी कॅलेंडरमागे गेली नसती.

"पिशवी" म्हणजे कोणती?

मालेगाव, मेडशी, पातूर करत आम्ही अकोल्याला गेलो. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. मग लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "लघवीच्या पिशवीचा कॅन्सर दिसतो, पण सुरुवातीचा वाटतो. तुकडा तपासल्यावर नक्की सांगता येईल."

एका वाक्यातून घरातल्या तिघांनी तीन गोष्टी ऐकल्या. आमच्या ह्यांनी "कॅन्सर" ऐकलं आणि ते बाकावर बसले ते बसलेच. धाकट्या दिरांनी "सुरुवातीचा" ऐकलं, म्हणाले, "मग काय, दोन महिन्यांत मोकळ्या." आणि सासूबाईंनी "पिशवी" ऐकलं. आपल्याकडे पिशवी म्हटलं की बाईच्या मनात गर्भाशयच येतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "काढून टाका म्हणा मंग. आता मले तिचं काय काम?"

त्या रात्री नातवाची पाटी घेऊन मी त्यांना चित्र काढून दाखवलं. मूत्रपिंडं दोन, त्यांतून लघवी दोन नळ्यांनी खाली उतरते आणि ओटीपोटातल्या एका पिशवीत साठते. ते मूत्राशय. गर्भाशय त्याच्या मागे, ते वेगळं. दोघांच्या वाटाही वेगळ्या, पण इतक्या जवळजवळ, की कपड्यावरचा डाग कुठल्या वाटेचा हे बाईला स्वतःलाही कळत नाही. म्हणूनच हा आजार पुरुषांत तीन-चार पट जास्त असला, तरी बायकांत तो पुष्कळदा उशिरा सापडतो. कुणी पाळीचं समजतं, कुणी पाळी जाण्याच्या वयाचं, कुणी उन्हाळीचं.

"सुरुवातीचा" म्हणजे किती?

हे समजून घ्यायला आपल्या घराची भिंत डोळ्यांसमोर आणा. आतून चुन्याचा हात. त्याखाली गिलावा. त्याखाली विटा. मूत्राशयाची भिंत अशीच आहे: आतलं पातळ अस्तर, त्याखाली मऊ थर, त्याखाली जाड स्नायू. आता भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं असं समजा. त्याचं मूळ किती खोल गेलंय, यावर सगळं अवलंबून.

मूळ फक्त चुन्यात असेल, तर कागदावर "टी-ए" लिहितात. गिलाव्यात उतरलं असेल, तर "टी-वन". विटांत, म्हणजे स्नायूत शिरलं, की "टी-टू", आणि तिथून उपचाराचा रस्ताच बदलतो. मग मूत्राशय काढणं, किंवा किमो आणि किरणांचे उपचार, असे मोठे निर्णय येतात. ज्याला डॉक्टर सुरुवातीचा म्हणतात, तो विटांपर्यंत न पोचलेला. हा आजार सापडतो तेव्हा साधारण चारातल्या तीन जणांत तो याच पायरीवर असतो, ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे.

आणखी एक प्रकार आहे. त्यात रोप दिसतच नाही, भिंतीला ओल धरावी तसा सपाट लालसर चट्टा असतो. कागदावर "सी-आय-एस" असं येतं. तो वरवरचा असला तरी वृत्तीने खट असतो, सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. तेव्हा "सोनोग्राफी चांगली आली" एवढ्यावर रक्त जाण्याचा विषय मिटवू नये.

खोलीइतकाच महत्त्वाचा दुसरा शब्द म्हणजे ग्रेड. "लो ग्रेड" म्हणजे सुस्त पेशी: पुन्हा पुन्हा उगवतील, पण खोल जाण्याची शक्यता कमी. "हाय ग्रेड" म्हणजे आक्रमक पेशी: आज वर असल्या तरी खाली जाऊ पाहणाऱ्या. म्हणून "सुरुवातीचा" हा एकच शब्द ऐकून ना धीर सोडावा, ना निर्धास्त व्हावं. दोन बायकांचा आजार "सुरुवातीचा" असेल आणि एकीला वर्षाकाठी तपासणी पुरेल, तर दुसरीला लगेच पुढचे उपचार लागतील.

कागद हातात आल्यावर

गाठ काढण्यासाठी पोट कापावं लागत नाही. कमरेत भुलीचं इंजेक्शन देतात आणि लघवीच्या वाटेनेच दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात. एक-दोन दिवस नळी राहते, थोडं लालसर पाणी येतं, मग घरी सोडतात. हा उपचारही असतो आणि तपासणीही, कारण काढलेले तुकडे प्रयोगशाळेत जातात. तो अहवाल यायला आठ-दहा दिवस लागतात. ते दिवस कठीण. मी शाळेत फळ्यावर तारीख लिहायची आणि मनात तेवढे दिवस वजा करायची.

अहवाल आला की डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. वहीत लिहूनच न्या, तिथे ऐन वेळी आठवत नाही.

पहिला: मूळ कुठल्या थरापर्यंत गेलंय?

दुसरा: ग्रेड कोणती?

तिसरा, जो कुणी विचारत नाही: तपासायला पाठवलेल्या तुकड्यात स्नायू आला होता का? वीट तपासलीच नसेल, तर मूळ विटेत नाही असं म्हणायचं कशावरून?

चौथा: पुन्हा एकदा दुर्बिणीतून खरवडावं लागेल का?

सासूबाईंचा आजार "टी-वन" आणि "हाय ग्रेड" निघाला. तुकड्यात स्नायू होता आणि तो स्वच्छ होता. तरीही पाच आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घालून तीच जागा खरवडली. आम्ही घाबरलो, पहिल्यांदा नीट झालं नाही की काय! तसं नसतं. या प्रकारात पहिल्या वेळी थोडं मागे राहून जाणं सर्रास घडतं, म्हणून दुसरा हात फिरवणं ही रीतच आहे.

दंडावरची लस

पुढे जे सांगितलं त्याने मी चकित झाले. दंडावर लहानपणी टोचलेल्या बीसीजीचा व्रण आपल्यापैकी बहुतेकींच्या अंगावर आहे. क्षयाची ती लस. तेच जिवाणू नळीवाटे थेट मूत्राशयात सोडतात. शरीराची रोगाशी लढणारी ताकद तिथे जागी होते आणि उरल्यासुरल्या कर्करोगाच्या पेशींवरही तुटून पडते. कॅनडातले डॉक्टर अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली हा उपचार प्रथम प्रसिद्ध केला. जास्त धोक्याच्या, पण स्नायूत न शिरलेल्या आजारावर आजही तोच मुख्य मानला जातो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तो तयार होतो. सौम्य प्रकारात मात्र बीसीजी लागत नाही. बऱ्याचदा गाठ काढल्यावर पहिल्या चोवीस तासांत औषधाचा एकच डोस मूत्राशयात सोडला की पुरतं.

सासूबाईंना आठवड्यातून एकदा असे सहा डोस झाले. दर मंगळवारी आम्ही दोघी एस.टी.ने अकोल्याला. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा खरा अर्थ मला त्या सहा मंगळवारी कळला. अनुभवातून शिकलेल्या गोष्टी सांगते.

डोसाच्या आधी तीन-चार तास पाणी बेताचं प्यावं, कारण औषध आत गेल्यावर दोन तास लघवी धरून ठेवायची असते. ते दोन तास आणि पहिली लघवी रुग्णालयातच होऊ द्या, लगेच एस.टी.त बसू नका. त्यानंतर सहा तास प्रत्येक वेळी बसूनच लघवी करावी, संडासात दोन कप ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवावं, मग पाणी टाकावं, हात साबणाने धुवावेत. औषधात जिवंत जिवाणू असतात, म्हणून ही काळजी. नंतर मात्र भरपूर पाणी प्यावं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आग होते, वारंवार जावं लागतं, अंग कसकसतं. घाबरू नका. पण ताप १०१ च्या वर गेला, किंवा दोन दिवसांत उतरला नाही, तर डॉक्टरांना लगेच कळवा. आणि डोसाच्या दिवशी लघवीत रक्त असेल, ताप किंवा जंतुसंसर्ग असेल, तर आधी सांगा. त्या दिवशी डोस देत नाहीत.

"माह्या बिडीनं झालं का?"

हे मामंजींनी विचारलं, तेही डॉक्टरांना, बाहेर ओसरीत गाठून. आयुष्यभर त्यांच्या खिशात बिडीबंडल. डॉक्टर खरं बोलले. एका माणसाचा आजार कशाने झाला हे छातीठोक सांगता येत नाही, पुष्कळांत कारण सापडतच नाही. पण या आजाराचं सगळ्यांत मोठं ज्ञात कारण धूम्रपान आहे. ओढणाऱ्याला हा आजार होण्याची शक्यता न ओढणाऱ्यापेक्षा निदान तिप्पट. धुरातली विषं फुप्फुसांतून रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात, आणि लघवी तासन्‌तास त्या पिशवीत साचून राहते. रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांना हा आजार होतो, हे तर जर्मनीतले शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ सालीच दाखवून दिलं होतं. मामंजी काही बोलले नाहीत. कोनाड्यातलं बंडल मात्र त्या दिवसापासून दिसलं नाही.

सासूबाई वेगळ्याच हिशेबात होत्या. "कोणतं पाप केलं मी?" असं त्या दोन रात्री पुटपुटत होत्या. मैत्रिणींनो, आजार हा पापाचा हिशेब नव्हे. तुम्हांला आठवत असेल, २०२१ साली महेश मांजरेकरांना हाच आजार झाला, ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे त्यांनी स्वतःच वार्ताहरांना सगळं सांगितलं. मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "टीव्हीवरच्या माणसानं जगाले सांगितलं, अन् मी घरात सुनेले नाई सांगितलं."

संपलं असं नाही

धाकट्या दिरांचे "दोन महिने" केव्हाच सरले. हा आजार परत उगवणारा आहे. बहुधा तो मूत्राशयातच परततो आणि वेळेवर दिसला तर पुन्हा काढता येतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी हा उपचाराचाच भाग आहे. पहिली तपासणी तीन महिन्यांनी. सौम्य प्रकारात ती चांगली आली की पुढची वर्षाने. सासूबाईंसारख्या प्रकारात पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, आणि मध्ये बीसीजीचे पुढचे डोस. "आता दुखत नाही, कशाला जायचं?" हेच वाक्य आमच्याकडे पाच महिने चालत आलं होतं. ते आता घरात कुणी उच्चारत नाही.

पैशाची चिंता सगळ्यांनाच. सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या "आरोग्यमित्रा"ला आधीच भेटा; आपला उपचार आणि ते रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होण्यापूर्वी विचारा. आपल्या भागातून नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, आणि मुंबईला परळचं १९४१ पासूनचं टाटा स्मारक रुग्णालय आहेच. दुसरं मत घ्यायला संकोच करू नका.

हे एवढं कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा:

१. लघवीत रक्त दिसलं, एकदाच दिसलं, दुखलं नाही, थांबलं, तरी तपासणी करायचीच. प्रत्येक वेळी कर्करोग असतो असं मुळीच नाही. मुतखडा, जंतुसंसर्ग अशी साधी कारणं पुष्कळ असतात. पण ते ठरवायचं तपासणीने. बीट खाल्ल्यानेही लघवी तांबूस होते, एवढं आधी आठवून पाहा.

२. रक्त कुठल्या वाटेचं कळत नसेल, तर जागा स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली लघवी स्वच्छ बाटलीत धरा आणि तीच तपासायला द्या.

३. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कुठूनही रक्त गेलं, तर थांबू नका. ते गर्भाशयाचं असलं तरी दाखवायलाच हवं.

४. उन्हाळी पुन्हा पुन्हा लागत असेल, किंवा औषधाने तेवढ्यापुरती जात असेल, तर लघवीची तपासणी, सोनोग्राफी, आणि डॉक्टर म्हणतील तर दुर्बीण.

५. धन्याचं पाणी उन्हाळीला जरूर घ्या. रक्त दिसलं असेल, तर ते पीत पीत डॉक्टरांकडे जा.

फाल्गुनात सासूबाईंची पहिली तपासणी झाली. मूत्राशय स्वच्छ दिसलं. पुढची ज्येष्ठात आहे. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे, आणि ती जुनी चिठ्ठी मी फाडलेली नाही, तिथेच शेजारी टाचणीने लावली आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आमच्याकडे वीसेक जणी आल्या होत्या. पन्हं देता देता सासूबाई एकदम म्हणाल्या, "बायांनो, लघवी लाल दिसली तं लपवू नका व. मी लपवली होती." दोन-तीन जणींनी पदर तोंडाला लावला. एक शेजारीण मात्र सगळ्या गेल्यावर मागे थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी तिच्याबरोबर मालेगावला गेले.

पुढच्या आठवड्यात कैरीच्या लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण देते. बऱ्याच जणींनी विचारलं आहे.